पॉलिअमरी म्हणजे ‘कुणाहीबरोबर’ नव्हे

पोस्ट लांब आहे आणि विषय जरा अवघड आहे. वेळ नसेल तर खुशाल पुढे सरका. फक्त अर्धी वाचून मत देऊ नका, एवढीच विनंती.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. आवाज रडवेला. तिची मुलगी सत्तावीस वर्षांची, दुसऱ्या शहरात नोकरी करते. त्या दिवशी तिने आईला फोनवर सांगितलं की, ती एका मुलाबरोबर दोन वर्षं आहे, त्या मुलाची आणखी एक जोडीदार आहे, तिघांनाही हे पहिल्यापासून माहीत आहे, आणि ह्याला पॉलिअमरी म्हणतात. मैत्रिणीने तो शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. तिला एवढंच कळलं, की आपली मुलगी ‘कुणाहीबरोबर’ राहते.

मला म्हणाली, “अरे, तू इतिहास शिकवलास ना आयुष्यभर? सांग, हे आत्ताचं खूळ आहे ना? जाईल ना?”

मी म्हणालो, “हो गं, खूळच आहे. जाईल.”

फोन ठेवला आणि झोप लागेना. तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो होतो. हे आत्ताचं खूळ नाही आणि ते ‘कुणाहीबरोबर’सुद्धा नाही. एकतीस वर्षं खडूने फळ्यावर इतिहास लिहिला आणि जिथे तो कुणाच्या कामाला आला असता तिथे मी त्याला दार लावून घेतलं. म्हणून ही पोस्ट. मैत्रिणीला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आधी शब्दांचं बघू. लग्नाबाहेरच्या नात्यांना आपल्या मराठीत शब्द कमी नाहीत. व्यभिचार, बाहेरख्यालीपणा, लफडं, भानगड, ठेवलेली बाई, अंगवस्त्र. अंगवस्त्र हा शब्द जरा थांबून बघा. अंगावर घ्यायचं, घरी आलं की खुंटीला टांगायचं. बाई म्हणजे उपरणं! ह्या सगळ्या शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यात लपवाछपवी तरी आहे, नाहीतर मालकी तरी. दोन माणसांवर प्रेम आहे, कुणालाही फसवलेलं नाही, असं म्हणायला आपल्याकडे शब्दच नाही. मग माझ्या मैत्रिणीने मुलीचं बोलणं जवळच्या खणात टाकलं, त्यात तिची काय चूक?

तर खण नीट लावून घेऊ.

एक, कॅज्युअल सेक्स. म्हणजे दोन सज्ञान माणसं एकमेकांच्या मर्जीने शरीरसंबंध ठेवतात आणि उद्याचं काही बोलत नाहीत. एका रात्रीपुरतं असेल, चार महिन्यांतून एकदा असेल. ‘तू आजारी पडलीस तर मी येईन’ हे त्यात गृहीत नाही. दोघांना ते आधीच माहीत असेल तर त्यात फसवणूकही नाही.

दोन, व्यभिचार. इथे एकाला वचन दिलेलं असतं आणि ते त्याच्या नकळत मोडलेलं असतं. दुखतं ते त्या ‘नकळत’मुळे.

तीन, बहुपत्नीत्व. ह्यात लग्नं अनेक, पण सूट एकालाच. राजाला सात राण्या चालतात, राणीला दुसरा राजा चालत नाही.

चार, पॉलिअमरी. एका वेळी एकापेक्षा जास्त प्रेमाची नाती, त्यात असलेल्या प्रत्येकाला माहीत असताना, प्रत्येकाच्या होकाराने, आणि तीच मोकळीक बाईलाही असताना. त्यात शरीरसंबंध असतील किंवा नसतीलही. पण ‘उद्या’ असतो, काळजी असते, जबाबदारी असते.

म्हणजे फरक माणसं किती ह्यात नाहीच. आयुष्यभर एकाच माणसाबरोबर कॅज्युअल राहता येतं, आणि दोघांबरोबर तीस वर्षं बांधून घेता येतं. खरे प्रश्न तीन: ह्यात ‘उद्या’ आहे का, सगळ्यांना माहीत आहे का, आणि नाही म्हणायची सोय कुणाला आहे?

आता इतिहास.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ओनायडा नावाचं ठिकाण आहे. १८४८ साली जॉन हम्फ्री नॉइझ नावाच्या माणसाने तिथे एक वसाहत वसवली. नॉइझ काही नास्तिक बंडखोर नव्हता, कडवा ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. त्याचं म्हणणं असं, की ख्रिस्ताचं दुसरं आगमन इसवी सन ७० मध्येच होऊन गेलंय, तेव्हा स्वर्गाचं राज्य इथेच आणायचं. स्वर्गात लग्न नाही, म्हणजे मालकी नाही. जमीन सगळ्यांची, तसं प्रेमही सगळ्यांचं. वसाहतीतला प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीचा नवरा आणि प्रत्येक स्त्री प्रत्येक पुरुषाची बायको. ह्याला त्याने ‘संमिश्र विवाह’ अशा अर्थाचं नाव दिलं. लक्षात घ्या, त्याने विवाह हा शब्द सोडला नाही.

बाहेरच्या जगाला वाटलं, मज्जाच मज्जा आहे. आत काय होतं? पुरुषाला एखाद्या स्त्रीकडे जावंसं वाटलं तर त्याने थेट विचारायचं नाही. मध्यस्थामार्फत, बहुतेकदा वयाने मोठ्या बाईमार्फत, विचारणा करायची. स्त्रीने नाही म्हटलं की विषय संपला. मूल नको असताना राहू नये ही जबाबदारी पुरुषाची, आणि त्यासाठी पुरुषांना कडक संयम शिकवला जाई. वागणं बिघडलं तर सगळ्यांसमोर बसवून तुमचे दोष तुम्हाला ऐकवले जात. एवढी शिस्त आमच्या बोर्डिंगातही नव्हती.

ह्या वसाहतीत १८६० साली एक तरुण आला, चार्ल्स गिटो. तो काय समजून आला असेल ह्याचा अंदाज त्याच्या पुढच्या वागण्यावरून करता येतो. पाचएक वर्षं तो तिथे राहिला आणि बायकांनी त्याला दाद दिली नाही. मग्रूर, कामचुकार माणूस. बायकांनी त्याच्या आडनावाची मोडतोड करून त्याला ‘गिट-आउट’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे चालता हो! शेवटी तो गेला, आणि नंतर वसाहतीवर दावा लावण्याच्या मागे लागला. हाच तो गिटो, ज्याने २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरात गारफिल्ड गेले, पुढच्या वर्षी गिटोला फाशी झाली.

ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, सांगायला हवी होती. जिथे ‘प्रत्येक पुरुष प्रत्येक स्त्रीचा नवरा’ असं लिहिलेलं होतं, तिथेही एका पुरुषाला कित्येक वर्षं नकार मिळू शकत होता. एकाहून जास्त नाती असणं म्हणजे सर्वांना उपलब्ध असणं नव्हे, हे त्या बायकांनी दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं. माझ्या मैत्रिणीच्या ‘कुणाहीबरोबर’ ह्या शब्दाला हे माझं पहिलं उत्तर.

पण ओनायडाचं गोडवं गाऊन मी थांबणार नाही. तसं केलं तर मी इतिहासाचा मास्तर नाही, जाहिरातदार ठरेन.

तिथे दोघांनी एकमेकांत फार गुंतणं हा गुन्हा होता. सगळ्यांवर सारखं प्रेम करा, एकावर विशेष नको. नॉइझची भाची टिर्झा मिलर हिची डायरी पुढे छापली गेली. तिचं ज्याच्यावर प्रेम होतं त्याच्यापासून तिला कसं तोडलं, कुणापासून मूल व्हावं हे वरून कसं ठरलं, ते त्यात आहे. १८६९ पासून तर वसाहतीने ‘उत्तम प्रजा’ काढायचा प्रयोगच मांडला. कुणी कुणापासून मूल व्हायचं ह्याला मंजुरी लागे. त्यात ५८ मुलं जन्मली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, वयात येणाऱ्या मुलींना ह्या व्यवस्थेत आणण्याचा अधिकार मुख्यतः स्वतः नॉइझकडे होता. त्यावरून आत कुरबुर सुरू झाली, बाहेर पाद्री खवळले, आणि अटकेच्या भीतीने जून १८७९ मध्ये नॉइझ रातोरात कॅनडात पळाला. ऑगस्टमध्ये वसाहतीने संमिश्र विवाह बंद केला. १ जानेवारी १८८१ ला वसाहतीची जॉइंट स्टॉक कंपनी झाली. पुढे तिचे काटे-चमचे जगभर विकले गेले. स्वर्गाच्या राज्यातून शेवटी कटलरी निघाली!

हसू येतं, पण त्या बायकांचं बघा. तीस वर्षं ‘सगळे सगळ्यांचे’ म्हणून राहिल्या, आणि एका उन्हाळ्यात सांगितलं गेलं, आता जोड्या लावा. एका मुलाचा बाप हा, दुसऱ्याचा तो. लग्न कुणाशी करायचं? काही जणी तशाच राहिल्या.

तेव्हा ओनायडात मध्यस्थ होता, संयम होता, ‘उद्या’सुद्धा होता. पण ‘नाही’ म्हणायची सोय वरच्या माणसासमोर संपत होती. गिटोला नकार देता येत होता, नॉइझला देणं अवघड होतं.

पुढची ऐंशी वर्षं उडी मारतो. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. १९७२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही गर्भनिरोधकं मिळण्याचा हक्क मान्य केला. शरीरसंबंध आणि मूल ह्यांची गाठ सुटली. आज आपण ज्याला कॅज्युअल सेक्स म्हणतो ते इतक्या मोठ्या प्रमाणावर शक्य झालं ते ह्या गोळीमुळे. त्याआधी पुरुषासाठी कॅज्युअल होतं ते बाईसाठी बाळंतपण होतं. म्हणून कॅज्युअल सेक्सला सरसकट नाक मुरडणाऱ्यांच्यात मी नाही. बाईच्या डोक्यावरची ती टांगती तलवार गेली, हे चांगलंच झालं.

पण त्याच काळात, त्याच मोकळ्या हवेत, काही लोक अगदी उलट्या दिशेला गेले. १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत केरिस्टा नावाचा एक समूह एकत्र राहत होता. त्यांच्या छोट्या छोट्या गटांत सगळे सगळ्यांचे जोडीदार, पण गटाबाहेर कुणाशीही संबंध नाही. ह्याला त्यांनी शब्द काढला ‘पॉलिफिडेलिटी’. मराठीत म्हणायचं तर अनेकनिष्ठा. कोणत्या रात्री कुणी कुणाबरोबर, ह्याची चक्क पाळी लावलेली. वाड्यात नळाला असते तशी! त्यांनी कॉम्प्युटर विकण्याचा धंदा काढला आणि तो जोरात चालवलाही.

त्यांनी आणखी एक शब्द घडवला, ‘कंपर्शन’. आपल्या माणसाला दुसऱ्याच्या सहवासात आनंद झाला तर त्याचा आपल्याला होणारा आनंद. मत्सराच्या नेमकं उलट. हे ऐकून पुष्कळ जण हसतात. पण योगसूत्रात मैत्री, करुणा ह्यांच्याबरोबर मुदिता आहे, दुसऱ्याच्या सुखाने सुखावणं. तिथला संदर्भ अगदी वेगळा आहे, मी काही पतंजलीला ह्यात ओढत नाही. एवढंच म्हणतो, की असं काही माणसाला जमू शकतं ही कल्पना आपल्याला परकी नाही.

केरिस्टाही मोडलं. कारण जुनंच, एक वरचढ पुढारी आणि ‘एकावर विशेष प्रेम नको’ हा हट्ट. प्रेमाला पाळी लावता येते, पण आवडीनिवडीला लावता येत नाही.

आणि मग शब्द आला. १९९० साली मॉर्निंग ग्लोरी झेल नावाच्या बाईंनी ‘ग्रीन एग’ ह्या नियतकालिकात ‘अ बुके ऑफ लव्हर्स’ हा लेख लिहिला. त्यात ‘पॉली-अमरस’ हे विशेषण आलं. १९९२ मध्ये इंटरनेटवर त्याच नावाचा चर्चागट सुरू झाला आणि नाम रूढ झालं. २००६ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशात शब्द बसला. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन, व्याकरणाच्या दृष्टीने संकरित. पण हा शब्द कॅज्युअल सेक्सचं गोंडस नाव म्हणून जन्मला नाही. त्या लेखाचा भर प्रामाणिकपणावर आणि नात्यातल्या सगळ्यांच्या राजीखुशीवर होता. काळही बघा. एड्सची साथ सुरू होऊन दहा वर्षं होत आली होती. ‘कोण कुणाबरोबर आहे हे सगळ्यांना माहीत हवं’ ही त्या काळात नुसती नीतीची गोष्ट नव्हती, जीव वाचवायची गोष्ट होती.

पण माझ्या मनात घर केलं ते एका कुटुंबाने. शब्द नव्हता तेव्हाच्या.

विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. खोटं बोलताना रक्तदाब चढतो, ह्यावर त्याने संशोधन केलं. लाय डिटेक्टरच्या इतिहासात त्याचं नाव आहे. १९४१ साली त्याने ‘वंडर वुमन’ जन्माला घातली, तीच, जिच्या दोराने बांधलं की माणूस खरं बोलतो. त्याची बायको एलिझाबेथ वकिली शिकलेली, नोकरी करणारी. १९२० च्या दशकात त्याच्या आयुष्यात त्याची विद्यार्थिनी ऑलिव्ह बर्न आली. त्याने बायकोपुढे पर्याय ठेवला: ऑलिव्ह घरी राहील, नाहीतर मी घर सोडतो. ह्याला संमती म्हणायचं का? मला तरी म्हणवत नाही. निदान सुरुवातीला नाही.

पण पुढे त्या घराने आकार घेतला. चार मुलं झाली, दोन एलिझाबेथची, दोन ऑलिव्हची. एलिझाबेथ नोकरी करून घर चालवी, ऑलिव्ह चारही मुलं सांभाळी. एलिझाबेथने आपल्या मुलीचं नाव ठेवलं ऑलिव्ह! १९४७ साली मार्स्टन कॅन्सरने गेला. ज्याच्यामुळे त्या दोघी एका छताखाली आल्या तो माणूसच राहिला नाही. कुणालाही वाटेल, आता फुटतील. त्या फुटल्या नाहीत. १९९० मध्ये ऑलिव्ह वारली तोवर त्या दोघी एकत्र राहिल्या. नवऱ्यामागे त्रेचाळीस वर्षं. किती लग्नं टिकतात हो इतकी?

ह्याला कॅज्युअल म्हणा बघू.

पण ह्याच घरात ऑलिव्हच्या मुलांना सांगितलेलं होतं, की तुमचे वडील वारले. ज्याच्या मांडीवर खेळले तोच आपला जन्मदाता आहे, हे त्यांना फार उशिरा, मोठेपणी कळलं. खोटं पकडणारा माणूस, खरं बोलवणारी नायिका, आणि घरात मुलांपासून लपवलेलं खरं. दोष कुणाचा? काही त्या तिघांचा, आणि बराचसा ‘लोक काय म्हणतील’चा. नातं टिकाऊ होतं, पण उजेडात यायची सोय नव्हती.

ह्या घराचा आपल्याशी एक धागा आहे. ऑलिव्ह बर्न ही मार्गारेट सँगर ह्यांची सख्खी भाची. सँगरबाईंनी आणि ऑलिव्हच्या आईने १९१६ मध्ये ब्रुकलिनला अमेरिकेतलं पहिलं संततिनियमन केंद्र उघडलं होतं. ह्याच सँगरबाई डिसेंबर १९३५ मध्ये आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींना कृत्रिम साधनं मान्य नव्हती, ब्रह्मचर्य आणि संयम हाच उपाय. सँगरबाई रिकाम्या हाताने गेल्या.

आणि त्याआधी १४ वर्षं, १९२१ मध्ये, मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. नोकरी गेली, खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक लैंगिक प्रश्न विचारतात, त्यांना उत्तर दिलं तर ते अश्लील कसं, हा मुद्दा. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. कर्वे पॉलिअमरीचे पुरस्कर्ते होते असं मी म्हणणार नाही, मेलेल्या माणसाच्या तोंडी आजचा शब्द घालणं हा आमच्या विषयातला सगळ्यात मोठा गुन्हा. पण स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, आणि लैंगिक वागणुकीची नीती धर्मशास्त्रावरून नव्हे तर कुणाचं नुकसान होतं का ह्यावरून ठरवावी, हे त्यांनी मराठीत नव्वद वर्षांपूर्वी लिहिलं. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला आईशी भांडायला लागणारी भाषा मराठीतच पडून आहे. आपण ती कपाटात ठेवली.

आता कायदा. इथे खरी मेख आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९७ होतं, व्यभिचाराचं. दुसऱ्याच्या बायकोशी ‘त्याच्या संमतीशिवाय’ संबंध ठेवला तर पुरुषाला शिक्षा. नीट वाचा. संमती कुणाची? नवऱ्याची! बाईची संमती हा प्रश्नच नाही. गाय दुसऱ्याच्या दावणीला बांधली, मालकाला विचारलं होतं का, असा हिशोब. २७ सप्टेंबर २०१८ ला जोसेफ शाइन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते रद्द केलं. व्यभिचार आज गुन्हा नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. दुसरं लग्न करणं बहुतेकांसाठी आजही गुन्हा आहे. मुंबई प्रांताने तर १९४६ मध्येच हिंदू द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला होता. आणि तो योग्यच होता, कारण त्या वेळची दुसरी लग्नं पहिलीला विचारून होत नव्हती.

मग पॉलिअमरीतल्या माणसांचं काय? तुरुंगात कुणी टाकणार नाही, पण कागदावर ती एकमेकांची कुणीच नाहीत. २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘लग्नासारखं नातं’ कशाला म्हणायचं ते सांगितलं. पुष्कळ काळ एकत्र राहणं हवं, समाजात जोडपं म्हणून वावरणं हवं, आणि दोघंही लग्नाला मोकळी हवीत. एका रात्रीचे किंवा शनिवार-रविवारचे संबंध त्यात बसत नाहीत. ठीक आहे. पण ह्या चाळणीतून पडल्यावर एका रात्रीची ओळख आणि वीस वर्षांची तिसरी जोडीदार, दोघी एकाच टोपलीत जातात. माझ्या मैत्रिणीने केलेली गल्लत आपल्या व्यवस्थेनेही केलेली आहे.

२०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावात करोनाच्या काळात प्रश्न आला, लग्न न झालेल्या जोडीदाराला हॉस्पिटलात भेटायला सोडायचं कसं? नगरपालिका नियम करायला बसली. मसुद्यात ‘दोन व्यक्ती’ होतं. एका नगरसेवकाने विचारलं, दोनच का? आकडा काढून टाकला. पुढच्या वर्षी शेजारच्या केंब्रिज शहरानेही तसा नियम केला. आणि हा बदल झाला तो शय्यागृहाच्या चर्चेतून नव्हे, तर हॉस्पिटलच्या दारावरून. कॅज्युअल नात्याला आयसीयूच्या बाहेर बसायचा हक्क नको असतो. ह्यांना हवा असतो. फरक समजून घ्यायला आणखी काय पाहिजे?

आता एक घरचं सांगतो. माझ्या आजोळी आईचे एक चुलते होते. त्यांची ‘दुसरी’ पलीकडच्या आळीत राहायची. सगळ्या गावाला ठाऊक, घरात कुणी तोंडातून काढायचं नाही. पंचवीस-तीस वर्षं ते रोज संध्याकाळी तिकडे चहाला जायचे. ते वारले तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. तिरडी निघाली, आणि आळीच्या तोंडाशी एक बाई भिंतीला टेकून उभी. डोक्यावर पदर. पुढे आली नाही, कुणी या म्हणालं नाही. मी आईला विचारलं, ‘ह्या कोण?’ आई म्हणाली, ‘कुणी नाही, चल.’

ती पॉलिअमरी नव्हती. आजीला कुणी विचारलं नव्हतं, आजीला तसली मुभाही नव्हती. पण ते कॅज्युअलही नव्हतं. तीस वर्षांचा चहा कॅज्युअल नसतो. त्यात एका बाईवर अन्याय झाला होता असं मी समजत होतो. आता कळतं, दोघींवर झाला होता.

परवा मैत्रिणीला फोन केला आणि सांगितलं, त्या रात्री मी तुला खोटं बोललो. हे खूळ नाही. ते चांगलंच आहे, असंही म्हणत नाही. ओनायडा मोडलं, केरिस्टा मोडलं, मार्स्टनच्या घरात मुलांना खोटं सांगावं लागलं. एकाशी लग्न करूनही माणसं मोडतात, ते तू आणि मी दोघंही बघतोय. तेव्हा मुलीला ‘किती जणांबरोबर’ हे विचारू नकोस. विचार, तुला नाही म्हणता येतं का? त्या दुसऱ्या मुलीला खरंच मान्य आहे का, की ती एलिझाबेथसारखी कोपऱ्यात सापडलीय? तुला उद्या तिसरा कुणी आवडला तर त्या मुलाला चालेल का, की सूट त्यालाच आहे? आणि तू आजारी पडलीस तर कोण येईल?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “शेवटचं मी विचारलं रे तिला. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला होता. मला सांगितलंच नाही, घाबरेन म्हणून. चार दिवस दवाखान्यात ती दुसरी मुलगी उशाशी बसली होती.”

“मग?”

“मग काय. फॉर्मवर नातं काय लिहायचं विचारलं, तर तिने ‘बहीण’ लिहिलं म्हणे.”

असो. मैत्रीण अजून रागावलेली आहे, आणि तिचा तो हक्क आहे. पण ‘कुणाहीबरोबर’ हा शब्द तिने त्या फोनमध्ये एकदाही वापरला नाही.